डाव्या कानाशी

तुमच्या उजव्या बाजूला बसून मी भात वाढते,
औषधाची वेळ सांगते, फेरी किती वाजता ते सांगते.
डाव्या बाजूला बसते
ऐकू जाऊ नये असं काही बोलायचं असलं की.

अकरा वर्षांपूर्वी कानाखालची गाठ काढल्यावर
किरणं घ्यायला बांबोळीच्या तेहतीस खेपा केल्या आपण.
चोडणहून फेरी, रायबंदरहून बस,
डब्यात नुसती पेज, मिठाशिवाय,
तोंड सगळं सोललेलं म्हणून.
शेवटच्या दिवशी तुम्ही यंत्राला नमस्कार केलात.
मी हसले होते.

गाठ गेली. ती आजही गेलेलीच आहे,
डॉक्टर फिगरेदोबाई हे तीनदा म्हणाल्या,
दर वेळी जरा हळू.
मग म्हणाल्या, हाड मेलंय. कानामागचं.
किरणांनी तेव्हाच आतल्या शिरा सुकवल्या,
हाडाला कळायला इतकी वर्षं लागली.

तुम्हाला लगेच कळलं.
चाळीस पावसाळे खाजनाचा बांध राखलेला माणूस,
म्हणालात, कुर्ली गेली, बिळं राहिली.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

खरं तर सुरुवात वासाने झाली होती.
मला वाटलं, सुकत घातलेली सुंगटं कुणी विसरलं.
वास उशीच्या अभ्र्याला होता.
मग पू. मग एकदा कापसाला चिकटून
तांदळाच्या कणीएवढी पांढरी कपची आली,
ती मी काडेपेटीत ठेवली आहे.
तुमचा तुकडा केरात कसा टाकू,
आणि देव्हाऱ्यात तरी कुठे ठेवू?
मग ओठाचं डावं टोक उतरलं, चहा सांडू लागला.
डावा डोळा मिटेना.
रात्री पट्टी लावून तो मीच मिटते,
भरती लागली की मानशीचं दार पडतं तसा.

आणि परवाच्या पुनवेला, उधाण होतं,
चपला शोधायला तुम्ही वाकलात
आणि नाकातून टपकलं.
रक्त नाही, पू नाही. पाणी. नितळ.
मी पदर पुढे करेपर्यंत
तुम्ही बोट जिभेला लावलंत,
शेतातल्या पाण्याला लावत आलात तसं.
खारं, म्हणालात.
फुटला.

फेरीत फोंडूचा पिकप एकटाच होता.
खलाशाने दोरी सोडताना टोपी काढली,
मला ते आवडलं नाही.

कानाचं छप्पर अंड्याच्या टरफलाएवढं असतं म्हणे,
वर लगेच मेंदू.
भोक राहिलं तर ताप आत चढेल, मेंदूत गळू होईल,
आणखी दोन-तीन नावं सांगितली, मी लिहून घेतली नाहीत.
मेलेलं खरवडून काढायचं
आणि मांडीचं मांस, त्याच्या शिरेसकट, तिथे भरायचं.
तुम्ही मान डोलावलीत.
बरोबर, सुकी माती धरत नाही,
चिखल जिवंत हवा, मुळांसकट.
बाई म्हणाल्या, अगदी असंच.

उद्या सकाळी आठला नेतील.
आता वॉर्डात दिवे मंद केलेत
आणि मी डावीकडे आले आहे.
ऐका. नाही, ऐकू नका.
यंदा मानशीची पावणी आगुस्तीनच्या मुलाने घेतली.
उगवतीच्या बांधाला ओल आलीय, कोरगूट पिवळं पडतंय,
तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मीच नको म्हटलं.
आणि किरणं नकोत म्हणत होतात तुम्ही तेव्हा.
हट्ट माझा होता.
अकरा वर्षं मिळाली, हे मी बोटांवर मोजते,
मग हात पदराखाली घेते.

तुम्ही मान वळवलीत. पट्टीचा डोळा माझ्याकडे.
आज तिथी कोणती?
मी उठले, खाट वळसा घालून उजवीकडे आले.
अष्टमी, म्हटलं. भांगाचं पाणी.
फार चढणार नाही.